दुर्मीळतेचा बाजार
(लोणार येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



लोणारच्या श्रोत्यांपुढे दगडाचे मोल सांगायला उभे राहणे हे धारिष्ट्यच म्हणायचे. आकाशातून आलेल्या एका पाषाणाने कठीण बसाल्टात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर पाडले आणि त्या विवराने या गावाला जगाच्या नकाशावर नेले. पण पूर्वी या गावाची कीर्ती होती ती सरोवराच्या क्षारांमुळे. 'आइन-ए-अकबरी'त लोणारची नोंद आहे ती हे क्षार काच आणि साबण बनविण्याच्या कामी येत म्हणून. उपयोग होता, म्हणून भाव होता.

आज ज्या बाजाराचा विचार करायचा आहे, तेथे हे गणित उलटे आहे. चलनातून गेलेल्या नाण्याने मीठसुद्धा येत नाही. शिक्का बसलेले टपाल तिकीट पुन्हा पत्राला लावता येत नाही. अशा वस्तूंचे मोल घेणाऱ्याच्या मनात असते आणि पुढे ज्याला ती विकायची, त्याच्या मनात असते. पहिले मोल म्हणजे आवड, दुसरे म्हणजे सट्टा. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे असा हजारो वस्तूंचा संग्रह आयुष्यभर पदरमोड करून जमविला आणि अखेर तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. उद्या अडकित्त्याचा भाव काय होईल, हा प्रश्न अशा माणसाला पडत नाही. सटोडियाला मात्र दुसरा कोणताच प्रश्न पडत नाही.

या सट्ट्याचे आपल्या राज्यातले ठळक उदाहरण मुंबईत घडले. २००५ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात तय्यब मेहता यांचे 'महिषासुर' हे चित्र सुमारे १५ लाख ८० हजार डॉलरना गेले. आधुनिक भारतीय चित्राला दहा लाख डॉलरांवर किंमत मिळण्याची ती पहिलीच वेळ. (चित्रकार तेव्हा हयात होते, पण असा पैसा जातो तो चित्र विकणाऱ्या मालकाला.) या बातमीने वातावरणच पालटले. ज्यांनी कधी चित्रप्रदर्शनाची पायरी चढली नव्हती, ते लोक चित्रे 'घेऊन ठेवू' लागले. २००६ साली मुंबईच्या ओशियान या संस्थेने कलानिधी काढला. साडेसहाशेच्या आसपास गुंतवणूकदारांनी त्यात सुमारे १०२ कोटी रुपये घातले. मुदत तीन वर्षांची. पैसे गोळा करायचे, चित्रे घ्यायची, भाव चढला की विकायची आणि नफा वाटायचा, अशी सरळ दिसणारी योजना होती.

तिच्यातला दोष उघड होता, पण तेजीत तो कोणाला दिसत नाही. लिलाव करणारी, कलाबाजाराचा निर्देशांक काढणारी आणि निधी चालविणारी संस्था एकच होती. तराजूही तिचा आणि मालही तिचा! शिवाय सोने सराफाकडे नेले की तासाभरात रोकड हाती येते. चित्राला मात्र त्याच दिवशी, त्याच किमतीचा गिऱ्हाईक भेटावा लागतो. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन बँक कोसळली आणि असा गिऱ्हाईक नाहीसा झाला. २००९ मध्ये मुदत संपली तेव्हा पैसे वेळेवर परत मिळाले नाहीत. २०१३ साली सेबीने ही नोंदणीविना चाललेली सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचे ठरवून पैसे परत करण्याचा आदेश दिला.

योगायोग असा की, त्याच २००६ साली स्पेनमध्ये टपाल तिकिटांत पैसे गुंतविणाऱ्या दोन कंपन्यांवर पोलिसांनी छापे घातले. साडेतीन लाखांहून अधिक कुटुंबांची बचत त्यांत अडकली होती. नव्या ठेवींतून जुन्यांना व्याज द्यायचे आणि तिकिटांच्या किमती कागदावर फुगवीत राहायचे, हा तिथला प्रकार. युरोपातल्या निवृत्तिवेतनधारकांची फसगत झाली, ती आपल्याकडच्या भिशीवाल्यांच्या फसवणुकीहून फारशी निराळी नव्हती.

मग चित्रांना अर्थ नव्हता काय? तसे नव्हे. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले आणि २००१ साली निवर्तले. २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले. कलेची प्रत टिकली, बुडाले ते घाईने येऊन घाईने बाहेर पडू पाहणारे. या वैदर्भीय चित्रकाराचे नाव आपल्याला लिलावाच्या बातमीतून कळावे, हे काही भूषणावह नाही.

दगडांचीही तीच कथा. सहारा वाळवंटात १९९० च्या दशकात उल्का मोठ्या संख्येने हाती लागू लागल्या आणि सामान्य उल्कांचे भाव उतरले. २०१३ च्या फेब्रुवारीत रशियात चेल्याबिन्स्क येथे उल्का फुटली, तेव्हा तुकड्यांच्या विक्रीबरोबर बनावट तुकड्यांचाही सुळसुळाट झाला. दुर्मीळता म्हणून जी मिरविली जाते, ती पुष्कळदा न शोधलेली विपुलता असते. लोणारचा दगडही काठावर असतानाच शास्त्रज्ञाशी बोलतो. कोणी तो खिशात घालून नेला की कोठून उचलला ही नोंद गेली, आणि मग त्याचे शास्त्रीय मोल शून्य.

हे सारे मोठ्यांचे खेळ, असे कोणी समजू नये. दोन रुपयांच्या नाण्याला पाच लाख, देवीचे चित्र असलेल्या नाण्याला दहा लाख, अशा जाहिराती आज घरोघरच्या मोबाईलवर येतात. आजीच्या डब्यातले नाणे निघते, समोरचा 'व्यापारी' आनंदाने सौदा ठरवितो, आणि मग नोंदणी शुल्क, कर, पाठवणीचा खर्च एकामागून एक मागतो. नाणे घरीच राहते, जातात ते आपले पैसे. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केले की, ती असा कोणताही व्यवहार करीत नाही आणि त्यासाठी कोणाकडून शुल्कही मागत नाही.

शेतात खरोखरच हंडा लागला तर? १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली ठेव सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. तिचा कोणी मालक निघाला नाही आणि सापडणारा व जमीनधनी यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा आणि उरलेला जमीनधन्याचा. शासनाने ती ठेव स्वतःकडे घ्यायची ठरविली, तर धातूच्या किमतीवर आणखी एक-पंचमांश रक्कम द्यावी लागते. लपविली, तर वाटा गेलाच आणि वर शिक्षा.