आमच्यावर प्रयोग तर करत नाहीत ना?

आवणी उरकली, आता दोन घटका बसायला हरकत नाही. मागच्या बुधवारी आम्ही गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल बोललो, तर तलासरीकडच्या एका पाड्यावरून निरोप आला: "तपासायला माणसं येतात, कागदावर अंगठा घेतात. आमच्यावर प्रयोग तर करत नाहीत ना?"

प्रश्न रास्त आहे. हसून सोडून देण्यासारखा तर मुळीच नाही. म्हणून आज आपल्याच राज्यातली एक हकीकत सांगतो.

१९९९ साली बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने मुंबईच्या टाटा मेमोरियलबरोबर उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात काम सुरू केलं. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बाया त्यात होत्या. गावांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्ही या विषाणूची तपासणी, दुसऱ्यात काचपट्टीवर पेशी घेऊन, तिसऱ्यात पातळ सिरका लावून डोळ्यांनी पाहणं. चौथ्या भागातल्या बायांना माहिती दिली, पण तपासलं नाही.

आठ वर्षं पाठपुरावा झाला, २००९ साली निकाल छापून आला. न तपासलेल्या सुमारे ३१ हजार बायांपैकी ६४ जणी या कॅन्सरने गेल्या. एचपीव्हीची तपासणी एकदाच झालेल्या ३४ हजारांपैकी ३४ गेल्या. म्हणजे मरण जवळपास निम्म्यावर आलं. सिरक्याच्या एका वेळच्या तपासणीने तिथे तेवढा फरक पडला नाही. पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाने तीच सिरक्याची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेविका होत्या. तिथे मरणं ३१ टक्क्यांनी घटली. एकदा पाहून विसरायचं काम नाही हे.

आता त्या चौथ्या भागाचं. त्या ६४ जणींचं काय? यावर पुढे देशात आणि बाहेरही मोठा वाद झाला. संशोधक म्हणाले, तेव्हा देशात अशी तपासणी कुणालाच मिळत नव्हती, आम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही. टीका करणारे म्हणाले, तपासणीने जीव वाचतो हे बाहेरच्या देशांत आधीच कळलेलं होतं. आम्हाला दोन्ही बाजू कळतात, पण आमचं मन दुसरीकडे झुकतं. त्या बायांचं ऋण आपल्यावर आहे, एवढं नक्की.

म्हणून पाड्यावर कुणी आलं की आधी एकच विचारा: ही सरकारी तपासणी आहे की अभ्यास? सरकारी तपासणी ३० वर्षांवरच्या बाईसाठी आहे, पाच वर्षांतून एकदा. तोंड आणि स्तनही त्यातच तपासतात, आणि मिश्री लावणाऱ्या, तंबाखू-चुना मळणाऱ्या बायांनी तोंडाची तपासणी चुकवू नये. अभ्यास असेल तर कागद आपल्या बोलीत वाचून दाखवायला सांगा. नाही म्हटलं तर उपचार बंद होणार नाहीत ना, तेही विचारा. अंगठा त्यानंतर.

आणि एचपीव्ही निघाला म्हणून कुणाच्या चालीवर बोट ठेवू नका. हा विषाणू बहुतेक बायापुरुषांना कधी ना कधी लागतो, बहुतेकदा आपोआप जातो. काहींच्यात राहतो आणि दहा-पंधरा वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. एवढी वर्षं हातात असतात, म्हणूनच तपासणीला अर्थ आहे. मात्र दिवाळीनंतर शिबिर ठेवलं तर निम्मा पाडा वीटभट्टीवर गेलेला असतो. आशाताईंना आत्ताच सांगा, शिबिर भट्ट्या लागण्याआधी घ्या म्हणून.

बऱ्या झालेल्या बायांबद्दल फार कमी बोललं जातं. आमच्यातल्या एकीच्या नणंदेला ऑपरेशन झालं, मग किरणं दिली. कॅन्सर गेला. पण पोट सारखं बिघडायचं, दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागायचं. चिकूवाडीत आडोसा कुठला? तिने कामच सोडलं. दोन वर्षं कुणाला बोलली नाही. तिला वाटायचं, जीव वाचला, आता तक्रार कशी करायची?

हा किरणांचा माहीत असलेला परिणाम आहे. टाटाने ऑपरेशननंतर किरणं घेणाऱ्या ३०० बायांवर अभ्यास केला, तो २०२१ साली छापून आला. नेहमीच्या पद्धतीत तीन वर्षांत शंभरातल्या ४२ जणींना आतड्याचा त्रास झाला. रोज चित्र पाहून नेमकी किरणं देण्याच्या पद्धतीत २१ जणींना. तेव्हा किरणं सुरू होण्याआधी कोणती पद्धत आहे ते विचारता येतं. किरणं आधीच झाली असतील तरी त्रास डॉक्टरांना सांगा, त्यावरही औषधं आहेत. अंगावरून पुन्हा लाल गेलं तर वाट पाहू नका.

नणंद आता औषध घेते. यंदा आवणीला आली होती, बांधाजवळच्या खाचरात, घर जवळ पडेल अशा बेताने.

पुढच्या बुधवारी मुंबईला उपचाराला जाताना कोणते कागद बरोबर घ्यायचे, त्याबद्दल बोलू. डहाणूहून पहाटेची लोकल धरणाऱ्यांनी आपला अनुभव आधी कळवा.