आडनावाचा रकाना



सूत्रसंचालकांनी मला सात मिनिटं दिली आहेत. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी दुसऱ्याच मिनिटाला विसरून खाली बसले होते, हे इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. म्हणून आज कागद घेऊन आले आहे.

या मेळाव्यासाठी नाव-पत्त्यांची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. त्या यादीबद्दल बोलायचं आहे, पण सुरुवात जरा लांबून, अमेरिकेतून करते.

मी नॉर्थ कॅरोलिनात राहते. १७३९ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून, हायलँड्समधून, काही कुटुंबं जहाजानं तिथे आली आणि केप फिअर नदीच्या खोऱ्यात वसली. मागून आणखी येत राहिली. ती गेलिक बोलायची, आणि त्यांच्या चर्चमध्ये प्रवचनंही गेलिकमध्ये व्हायची. माझी एक सहकारी त्यांच्याच वंशातली. तिच्या खेड्यातल्या चर्चचा वर्धापनदिन ऑक्टोबरात शनिवार-रविवार होता. जुन्या वह्यांमधल्या सभासदांची नावं संगणकावर शोधता येतील अशी सोय करून देशील का, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

स्कॉटिश लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी आले, त्यांनी आपल्या बाणकोट-हर्णैला शाळा काढल्या. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे ते जॉन विल्सन १८२९ मध्ये आले, तेव्हा मराठी शिकायला हर्णैला येऊन राहिले होते. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिनं नकाशावर हर्णै शोधून काढलं.

या चर्चची व्यवस्था पाहणारं वडीलधाऱ्यांचं एक मंडळ असतं, आपल्याकडच्या पंचकमिटीसारखं. कुणाला सभासद करून घेतलं, कुणाचा बाप्तिस्मा झाला, कोण दारू पिऊन आला म्हणून समज दिली, सगळं त्यांच्या वहीत. पूर्वी प्रभुभोजनाच्या आधी हे वडील लायक सभासदांना शिशाचा छोटा बिल्ला देत. बिल्ला नसेल तर पंगतीत जागा नाही. तसे बिल्ले तिथे काचेच्या पेटीत ठेवले होते.

गावातल्या लोकांनी वह्या वाचून नावं टाइप केली होती. मी तक्ता केला: नाव, आडनाव, वर्ष, पानाचा क्रमांक. आडनाव अनिवार्य ठेवलं, कारण स्कॉटिश मंडळी सगळं आडनावानंच शोधतात. माहिती भरली, तर बऱ्याच ओळी संगणकानं नाकारल्या. पाहिलं तर त्या ओळींत नुसतं नाव होतं आणि पुढे ‘अमक्याची’, ‘अमक्याचा’. ते गुलाम होते. त्याच चर्चचे सभासद, पण आडनाव नसलेले.

मी सहकारीला कळवलं, ‘काही नोंदी अपुऱ्या आहेत, बाजूला ठेवते.’ तिच्या आईचा फोन आला. ऐंशी ओलांडलेल्या बाई. त्या म्हणाल्या, ‘नोंदी अपुऱ्या नाहीत, तुझा तक्ता अपुरा आहे.’

वीस वर्षांहून जास्त काळ मी हेच काम करते आहे. माझ्या कामावर इतकं नेमकं बोट कुणी ठेवलं नव्हतं. अनिवार्यची खूण काढायला मला दहा सेकंदं लागली.

रविवारचा सोहळा थाटाचा होता. पुढे बॅगपाइप, मागे एकेका घराण्याच्या चौकड्यांच्या कापडाचे, टार्टनचे, झेंडे. त्या कापडाला चर्चमध्ये आशीर्वाद देतात. १७४५-४६ च्या बंडानंतर ब्रिटिश सरकारनं हायलँडच्या पोशाखावर बंदी घातली, ती १७८२ पर्यंत टिकली. त्या काळात लोक कापडाचा तुकडा लपवून चर्चमध्ये आणत, अशी गोष्ट सांगतात. तिला पुरावा नाही. हा विधी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वॉशिंग्टनमध्ये पीटर मार्शल या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या पाद्र्यांनी सुरू केला. त्या दिवशी व्यासपीठावरून हेही सरळ सांगितलं गेलं. कुणाचा उत्साह त्यानं कमी झाला नाही.

मग नावांचं वाचन झालं, वहीतल्या क्रमानं. आडनाववाले आणि बिनआडनावाचे, एकापाठोपाठ एक. गुलामगिरी संपल्यावर तिथल्या अनेक काळ्या सभासदांनी आपली वेगळी चर्चेस काढली. त्या गावातही तसंच झालं होतं, आणि त्या दुसऱ्या चर्चच्या लोकांना या वेळी बोलावलं होतं. एक नाव वाचलं गेलं तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं बसले. नंतर झाडाखाली जेवण झालं, ज्यानं त्यानं घरून आणलेलं. मी नारळाच्या वड्या नेल्या होत्या. त्यांचं शॉर्टब्रेड म्हणजे आपल्या नानकटाईची सख्खी बहीण.

गाडीतून घरी येताना मला आपली यादी आठवली.

ती मी १९९६ च्या दहावीच्या निकालपत्रकावरून केली होती. ५२ नावं. त्यावरूनच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. पण पाचवीत आपण किती होतो? दुसऱ्या दिवशी मी शाळेत फोन केला. क्लार्ककाकांनी १९९० चा पाचवीचा कॅटलॉग शोधून त्याचे फोटो पाठवले. ७१ नावं! एकोणीस जण दहावीपर्यंत पोचलेच नव्हते, आणि मी त्यांना बोलवायचंच विसरले होते. ‘विसरले’ हाही मान द्यायचा शब्द झाला. माझ्या तक्त्यात त्यांना जागाच नव्हती. दहावीचा निकाल हा माझा शिशाचा बिल्ला होता.

कुणी आठवीत नापास झाला आणि मामाबरोबर मुंबईला गेला. कुणी बंदरावर खलाशी झाला. चार मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिल्या. त्यांतली एक माझ्या बाकावर बसायची. एकोणतीसचा पाढा माझ्याकडून तिनं पाठ करून घेतला होता. मी इंजिनिअर झाले ते सगळ्यांना माहीत आहे, पण गणितात ती माझ्या पुढे होती हे फक्त आम्हा दोघींना आणि बाईंना माहीत आहे. तिला फोन केला तर म्हणाली, ‘अगं, मी कुठे पास झाले? मला कशाला बोलावतेस?’ मी कॅटलॉगबद्दल सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘माझं नाव अजून आहे शाळेत?’

आहे. ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे.

एकोणिसांपैकी सात जण आज इथे आहेत. पाच जण सापडले, पण येऊ शकले नाहीत. तिघे आता हयात नाहीत. चौघांचा पत्ता लागलेला नाही.

समितीला माझी एक विनंती होती आणि ती मान्य झाली आहे. स्मरणिकेच्या शेवटी नावं छापली जातील ती पाचवीच्या कॅटलॉगच्या क्रमानं, ७१ च्या ७१, आणि नंतर आपल्या वर्गात आलेलेही. पुढे पदवी, हुद्दा काही नाही. बाई हजेरी घ्यायच्या तशीच.

आता थांबते. न सापडलेल्या चौघांची नावं बाई वाचणार आहेत. तेव्हा त्या नावांना ‘हजर’ कुणी म्हणालं नाही, तरी कुणाला काही ठाऊक असेल तर हात वर करा. भाऊ कुठे असतो, बहीण कुठे दिली, एवढं कळलं तरी पुरे. मी वही घेऊन खालीच बसले आहे.