सोसलेल्या माणसाला पगारी जागा हवी



भिलाईतल्या आपल्या मराठी मंडळाच्या सभेत अध्यक्षानं साहित्याचा आढावा घ्यावा अशी अपेक्षा असते. आज मी तो घेणार नाही. आपल्या राज्यात माणसं जीव देत आहेत आणि आपण त्यावर बोलत नाही. त्या गप्प राहण्याशी भांडायला मी उभा आहे.

2022 साली देशात दर लाख लोकांमागे 12.4 आत्महत्या नोंदल्या गेल्या. छत्तीसगडमध्ये 28.2. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातले हे आकडे आहेत. प्रत्येक आत्महत्येमागे मनाचा आजारच असतो असं मी म्हणत नाही. कर्ज असतं, दारू असते, घरातली मारहाण असते. पण 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपलं राज्य होतं, आणि त्या सर्वेक्षणानं सांगितलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के माणसं उपचारांविना राहतात. म्हणजे आजारी माणसांतली बहुतेक डॉक्टरच्या दारापर्यंत पोचतच नाहीत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मानसोपचारतज्ज्ञ वाढवा. वाढवाच. ती मागणी माझीही आहे. पण जो दारापर्यंत येतच नाही त्याला आणणार कोण? आणि जो येतो, चिठ्ठी घेऊन जातो आणि पंधरा दिवसांत गोळ्या बंद करतो, त्याच्याशी बोलणार कोण?

मी हे पुस्तकातून सांगत नाही. इथल्या पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये नोकरी करत असताना मला नैराश्यानं गाठलं. उपचार झाले, आजही गोळी चालू आहे. डॉक्टरांनी औषध बरोबर दिलं. पण त्या गोळीनं तोंड कोरडं पडतं, सकाळी डोकं जड राहतं, नाइट शिफ्टच्या आठवड्यात गोळी कधी घ्यायची, रजेच्या अर्जावर काय लिहायचं, बायकोला काय सांगायचं, हे मला शिकवलं दुसऱ्या शॉपमधल्या एका कामगारानं. तो माझ्याआधी त्याच वाटेनं गेला होता. कँटीनमध्ये समोर बसून त्यानं सांगितलं की तिसऱ्या आठवड्यात औषध सोडावंसं वाटेल, तेव्हा सोडू नकोस. त्याला वाटलं होतं, म्हणून त्याला माहीत होतं. या माणसाला सरकारी व्यवस्थेत जागा नाही, हुद्दा नाही, पगार नाही. माझं भांडण इतक्यापुरतंच आहे.

हे काही नवं मागणं नाही. 29 ऑगस्ट 1986 ला पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. लेखक अनिल अवचटांनी ‘गर्द’च्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी ते केंद्र चालवलं. त्या मानसोपचाराच्या डॉक्टर होत्या. सगळं आपल्याच हाती ठेवणं त्यांना सोपं होतं. पण मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर पडलेली माणसं समुपदेशक झाली, कार्यकर्ते झाली, वॉर्ड सांभाळू लागली. नव्यानं दाखल झालेला मुलगा डॉक्टरला गंडवू शकतो. ज्यानं स्वतः आईचे दागिने विकलेत त्याला गंडवू शकत नाही. व्यसनी माणसांच्या बायकांचा ‘सहचरी’ गटही तिथे उभा राहिला, कारण नवऱ्याइतकीच ती बाईही खचलेली असते. मराठी समाजाला याचा अभिमान आहे. मग मुक्तांगणमध्ये पटलेली गोष्ट जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत का पटत नाही?

पुणं लांब वाटत असेल तर दल्ली-राजहरा बघा. तिथलं लोहखनिज आपल्या भट्ट्यांत येतं. कामगार नेते शंकर गुहा नियोगींच्या संघटनेनं लढून मजुरी वाढवली आणि वाढलेला पैसा दारूत जाऊ लागला, तेव्हा खाणकामगारांनी आपसातच दारूविरोधाची चळवळ उभी केली. 1977 च्या पोलीस गोळीबारात गेलेल्या साथींच्या स्मरणार्थ त्यांनी 1983 साली शहीद हॉस्पिटल काढलं. डॉक्टर बाहेरून आले, पण आरोग्य कार्यकर्ते म्हणून तयार झाले ते खाणीतले मजूर. कमी शिकलेली माणसं रुग्णसेवा करू शकत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे जाऊन यावं.

आता सावरलेल्या माणसांना पगारी साथी म्हणून नेमण्यावरचे आक्षेप घेऊ. पहिला, की अशी माणसं पुन्हा आजारी पडतील. पडतील. हृदयविकार झालेला फोरमनही पुन्हा आजारी पडतो. त्याला आजारी रजा असते, ती यांनाही द्या. दुसरा, की हे चुकीचा सल्ला देतील. म्हणून प्रशिक्षण हवं, वर देखरेख हवी, आणि औषधाचा डोस बदलणं किंवा निदान करणं त्यांच्या कामात येत नाही हे लेखी हवं. तिसरा मला खरा वाटतो: टाउनशिपमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात. सेक्टर 6 मधल्या माणसाला त्याच रस्त्यावरचा साथी नको असेल. मग त्याला निवडीचा हक्क द्या, नकाराचाही द्या, आणि गुप्तता मोडणाऱ्याला कामावरून काढा.

सर्वांत मोठी भीती मात्र मला विरोधकांची नाही, समर्थकांची वाटते. सरकार उद्या म्हणेल, वा, उत्तम कल्पना, फुकटात करा. आपल्या राज्यानं 2002 साली वस्तीतल्याच बायांना आरोग्य कार्यकर्ती करणारी मितानिन योजना सुरू केली, तिच्यातून पुढे देशभरच्या आशा कार्यकर्तींना वाट मिळाली. 60 हजारांहून जास्त बाया वस्तीवस्तीत राबतात. त्यांना मोबदल्यासाठी किती वेळा रस्त्यावर बसावं लागलं हे तुम्ही पाहिलं आहे. सोसलेल्या माणसाच्या वाट्याला तेच येणार असेल तर मला ही योजना नको. आणि साथी नेमला म्हणून डॉक्टरची रिकामी जागा रिकामीच ठेवली, तर त्याविरुद्ध पहिली सही माझी असेल.

अशा साथीचा फायदा किती, हेही फुगवून सांगत नाही. गोव्यात नैराश्य आलेल्या गरोदर बायांना वस्तीतल्याच आयांनी गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर आधार देण्याचा प्रयोग झाला, 2019 मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. चमत्कार झाला नाही. पण बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्या बायांचं प्रमाण आधार मिळालेल्या गटात जास्त होतं. मला तेवढं पुरेसं आहे.

कायद्यानंही दार अर्धवटच उघडलं आहे. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळावर आजारी माणसांसाठी किंवा त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी दोन जागा ठेवल्या. पण त्याच जागांवर संस्थांचे प्रतिनिधीही बसू शकतात. म्हणजे ज्यानं सोसलं त्याला पूर्ण वगळून मंडळ कायदेशीर ठरतं. आपण कारखान्यातली माणसं आहोत. 1987 च्या दुरुस्तीनं कारखाना कायद्यात सुरक्षा समिती आली आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी व्यवस्थापनाच्या बरोबरीनं बसले, कारण भट्टीची झळ ज्याला लागते त्याला धोका आधी कळतो. हे तत्त्व या गावाला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

आणि आता आपल्याच घराकडे. स्थळ बघताना आपण मुलाच्या काकांची चौकशी करतो, कुणी ‘तसं’ होतं का म्हणून. घरातल्या आजारी बहिणीला हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसवतो. बाहेरच्या राज्यात आलो, इथे प्लांट उभारायला हातभार लावला, मुलांना शिकवलं, त्यामुळे आपल्या घरात काही बिघडू शकतं हे मान्य करणं आपल्याला जड जातं. ही लाज माणसं मारते. मी हे आपल्या मंडळींना प्रेमानंच सांगतो आहे, पण सौम्यपणे सांगणार नाही.

म्हणून ठराव मांडतो. एक, दुर्ग जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मानसिक आजारातून सावरलेल्या किमान दोन व्यक्तींची, एक स्त्री आणि एक पुरुष, पगारी, प्रशिक्षित साथी म्हणून नेमणूक व्हावी, आणि डॉक्टरांच्या रिकाम्या जागा त्यासोबतच भराव्यात. दोन, मंडळाचं छोटं सभागृह दर शनिवारी संध्याकाळी आधारगटासाठी विनाभाडं मिळावं; तिथे मराठी, हिंदी, छत्तीसगडी, कुठलीही भाषा चालेल, आणि मंडळाचं सभासदत्व विचारलं जाणार नाही. पहिल्या शनिवारी दार उघडायला मी येईन. सचिवांना विनंती, दुसरा भाग तर आपल्याच हातात आहे, तो आत्ता, या सभेत मताला टाका.