ताटातली सूर्यमाला
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानावर बोला, पण पोरांना कळेल आणि आज्यांना झोप येणार नाही असे बोला, अशी ताकीद समितीने आम्हाला दिली होती. म्हणून आम्ही अभ्यासिकेच्या मंडळींनी फळा आणलेला नाही, ताट आणले आहे. ताटातले सगळे जिन्नस महिला मंडळाच्या भगिनींनी आपापल्या डब्यांतून निवडून दिले आहेत. व्याख्यान संपेपर्यंत मोसंब्याला कोणी हात लावू नये, ही विनंती.

आता ताटाकडे बघा. हा हरभऱ्याचा दाणा म्हणजे आपली पृथ्वी. खरी पृथ्वी १२,७५६ किलोमीटर व्यासाची, हा दाणा आठ मिलिमीटरचा. याच मापाने बाकीचे सगळे घेतले आहे. शुक्र हा दुसरा हरभरा, किंचित लहान. मंगळ ज्वारीचा दाणा. बुध मुगाचा दाणा. गुरू हे मोठे संत्रे, शनी हे मोसंबे, आणि युरेनस व नेपच्यून ही दोन लहान लिंबे. आपला चंद्र मोहरी. आणि सूर्य? तो ताटात मावत नाही. बाहेर पायरीखाली खडूने जवळजवळ तीन फुटांचे वर्तुळ काढले आहे, तो सूर्य.

अंतरही त्याच मापाने धरले पाहिजे, नाही तर ताट फसवते. हरभऱ्यापासून मोहरी एक वीतभर लांब. सूर्यापासून हरभरा ९४ मीटरवर. संत्रे जवळजवळ अर्ध्या किलोमीटरवर, मोसंबे ९०० मीटरवर. शेवटचे लिंबू २.८ किलोमीटरवर, म्हणजे चालत निघालात तर अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागेल. मधे सगळी मोकळी जागा. पुस्तकातल्या चित्रात ग्रह माळेतल्या मण्यांसारखे जवळजवळ दाखवतात. पानावर मावत नाही म्हणून तसे करावे लागते, पण त्यामुळे पोरांच्या डोक्यात चुकीचे चित्र बसते, असे आमचे मत आहे.

आता या बाजूच्या वाटीत बघा. चार मूग आहेत. यातला एक बुध आहे, तो आठ ग्रहांपैकी एक. बाकीचे तीन ग्रह नाहीत, उपग्रह आहेत: गुरूचे गॅनिमीड आणि कॅलिस्टो, आणि शनीचा टायटन. कोणी ओळखून दाखवावे कोणता ग्रह ते! बुधाचा व्यास ४,८७९ किलोमीटर, गॅनिमीडचा ५,२६८, टायटनचा ५,१५०, कॅलिस्टोचा ४,८२१. म्हणजे दोन उपग्रह चक्क ग्रहापेक्षा मोठे निघाले. आता न्याय्य बोलायचे तर बुधाची बाजूही सांगितली पाहिजे. वजनात तो भारी आहे. त्याच्या पोटात लोखंडाचा मोठा गोळा आहे, आणि गॅनिमीडमध्ये खडकाबरोबर बर्फ पुष्कळ; त्यामुळे आकाराने मोठा असूनही गॅनिमीडचे वस्तुमान बुधाच्या निम्म्याहून कमी भरते.

मग एक ग्रह आणि दुसरा उपग्रह का? उत्तर एवढेच की बुध थेट सूर्याभोवती फिरतो आणि गॅनिमीड गुरूभोवती. तो कोणाच्या दारात आहे, यावर त्याचे नाव ठरले. त्याच्या अंगात काय आहे हे त्या नावावरून कळत नाही. टायटनचेच घ्या. बुधावर म्हणण्यासारखे वातावरण नाही, टायटनवर मात्र आपल्याहून दीडपट दाबाची हवा आहे, आणि तिच्यात आपल्यासारखाच मुख्य भाग नायट्रोजनचा. तिथे उणे १७९ अंश थंडी. पाणी दगडासारखे गोठलेले, आणि पाऊस पडतो तो मिथेनचा. नद्या मिथेनच्या, तळी मिथेनची. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स नावाचे यान पॅराशूटने तिथे उतरले आणि त्याने जमिनीचा फोटो पाठवला. त्यात गुळगुळीत झालेले गोटे दिसतात, आपल्या नदीपात्रात असतात तसे.

दर्जा बदलल्याची उदाहरणेही आहेत. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावर पियात्सी यांना सेरेस सापडला. आपल्या ताटात तो रव्याचा एक कण आहे. त्याला लोकांनी ग्रह म्हटले. पुढे त्याच पट्ट्यात पॅलास, जूनो, व्हेस्टा असे एकामागून एक सापडत गेले. एवढे ग्रह कुठे ठेवायचे म्हणून सेरेसला लघुग्रहांच्या रांगेत बसवले. प्लूटोचेही तेच झाले. १९३० साली क्लाइड टॉम्बॉ यांनी तो शोधला आणि आमच्या पिढीने शाळेत नऊ ग्रह पाठ केले. २००५ मध्ये एरिस सापडला. तो आकाराने प्लूटोएवढाच, वजनाने जास्त. आता एक तर दहावा ग्रह माना, नाही तर ग्रह कशाला म्हणायचे ते ठरवा. ऑगस्ट २००६ मध्ये प्राग शहरात खगोलशास्त्रज्ञांनी मतदान करून ठरवले: सूर्याभोवती फिरावा, स्वतःच्या वजनाने गोल झालेला असावा, आणि आपली वाट त्याने मोकळी केलेली असावी. तिसऱ्या अटीत प्लूटो नापास झाला आणि बटुग्रह ठरला. सेरेस मात्र त्याच दिवशी लघुग्रहांतून बढती मिळून बटुग्रह झाला.

गंमत अशी की त्याच वर्षी जानेवारीत न्यू होरायझन्स हे यान प्लूटोकडे निघाले होते. निघाले तेव्हा प्लूटो ग्रह होता, १४ जुलै २०१५ रोजी यान जवळून गेले तेव्हा तो ग्रह नव्हता. प्लूटोला त्याचा पत्ताही नाही. तिथे नायट्रोजनच्या बर्फाची मैदाने दिसली आणि पाण्याच्या बर्फाचे हजारो मीटर उंच डोंगर दिसले. ताटातला हा नाचणीएवढा दाणा आहे, बरं का.

आता थोडे कडू बोलायचे आहे. परंपरेने नऊ ग्रहांची जी यादी चालत आली, ती या ताटाशी ताडून बघा. सूर्य, तो तारा. चंद्र, तो उपग्रह. मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हे पाच खरे ग्रह. राहू आणि केतू यांच्यासाठी ताटात ठेवायला आमच्याकडे काहीच नाही, कारण ते पिंडच नाहीत. चंद्राची वाट आणि सूर्याची आकाशातली वाट जिथे एकमेकींना छेदतात ते ते दोन बिंदू. चौकातल्या वळणाला जसे वजन नसते, तसे त्यांनाही नाही. आणि ज्या पृथ्वीवर बसून ही यादी केली, ती यादीत नाही. युरेनस १७८१ मध्ये आणि नेपच्यून १८४६ मध्ये दुर्बिणीतून सापडले, तेही नाहीत.

आपल्या वस्तीत पत्रिका बघत नाहीत, असे आपण अभिमानाने सांगतो. तरी बोलणी पक्की व्हायच्या आधी मध्यस्थाच्या कानात ‘मुलीला मंगळ तर नाही ना’ असे विचारणारी घरे आम्हाला ठाऊक आहेत. त्या पोरीची मान उगाच खाली जाते. तो मंगळ म्हणजे हा ज्वारीचा दाणा. व्यास पृथ्वीच्या निम्मा, वस्तुमान जेमतेम एक दशांश, हवा आपल्या हवेच्या शंभराव्या भागाहूनही विरळ. लाल का, तर मातीत गंजलेले लोखंड आहे म्हणून. पावसाळ्यात आपल्या पत्र्यावर चढतो तोच गंज. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे मंगळयान त्याच्याभोवती फिरू लागले आणि कित्येक वर्षे फिरत राहिले.

शनीच्या साडेसातीचा हिशेबही ताटावरच होतो. मोसंबे फार लांब आहे, म्हणून त्याची चालही मंद आहे. सूर्याभोवती एका फेरीला त्याला साडेएकोणतीस वर्षे लागतात. आकाशाच्या बारा राशी केल्या की एका राशीत सुमारे अडीच वर्षे. आपली रास, एक आधीची आणि एक नंतरची, अशा तीन राशींची साडेसात वर्षे. भागाकार आणि गुणाकार, एवढेच ते. या ग्रहाची घनता पाण्यापेक्षा कमी आहे; तेवढे मोठे टोपले पाण्याने भरता आले असते तर तो तरंगला असता. २०२५ मध्ये त्याचे आणखी १२८ चंद्र मोजले गेले आणि एकूण संख्या २७४ झाली. त्यातले बहुतेक काही किलोमीटरचे धोंडे आहेत.

२००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांपुढे पत्रिका ठेवून चाचणी घेतली होती. हुशार मुले कोणती आणि विशेष मुलांच्या शाळेतली कोणती, एवढेच ओळखायचे होते. नाणे उडवून जेवढी उत्तरे बरोबर आली असती, त्याहून जास्त आली नाहीत.

असो. परत ताटाकडे येऊ. काही पिंड गोल आणि काही बटाट्यासारखे का, असे अभ्यासिकेतल्या एका मुलीने विचारले होते. पिंड मोठा असला की त्याचे स्वतःचे वजन सगळीकडून आत ओढते आणि उंचवटे खचून तो गोल होतो. काही शे किलोमीटरच्या खाली तेवढा जोर नसतो. मंगळाचा चंद्र फोबोस जेमतेम बावीस किलोमीटरचा, म्हणून बटाटा.

लहान पिंड लवकर थंडही होतात. पातेल्यातला चहा गरम राहतो, बशीतला निवतो, तसे. या नियमाने पाहिले तर मोहरीएवढे चंद्र केव्हाच निवून जायला हवे होते. आपला चंद्र निवलाच. पण गुरूचा आयो साधारण तेवढाच असून त्यावर १९७९ मध्ये व्हॉयेजर यानाला पेटते ज्वालामुखी दिसले. सूर्यमालेत त्याच्याइतका धगधगता पिंड नाही. तार हातात धरून पुन्हा पुन्हा वाकवली की गरम होते ना? गुरूची ओढ आयोला तसेच सतत पिळत असते. शनीचा एन्सेलॅडस अवघा ५०० किलोमीटरचा, आपल्या महाराष्ट्राच्या पूर्व-पश्चिम लांबीतसुद्धा मावेल एवढा. त्याच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भेगांतून पाण्याचे फवारे आकाशात उडताना कॅसिनी यानाने २००५ मध्ये पाहिले. बर्फाखाली खारट समुद्र आहे. जीवसृष्टी शोधायची तर कुठे, असे आज शास्त्रज्ञांना विचारा. मंगळाबरोबर एन्सेलॅडस आणि युरोपा या चंद्रांची नावे हमखास निघतील.

लघुग्रहांचा पट्टा म्हणजे धोंड्यांची दाटी, असे सिनेमात दाखवतात. प्रत्यक्षात तिथून याने बिनधोक जातात. सगळे लघुग्रह एकत्र तोलले तरी आपल्या चंद्राच्या सुमारे तीन टक्के भरतील. तरीही त्यांना कमी लेखू नये. बेन्नू हा पाचशे मीटरचा धोंडा म्हणजे नुसता खडीचा ढीग. त्यावरची १२१ ग्रॅमांहून थोडी अधिक माती २०२३ मध्ये पृथ्वीवर आणली गेली आणि तीत अमिनो आम्ले सापडली, म्हणजे प्रथिने ज्या विटांची बनतात त्या विटा. आणि असा एखादा धोंडा वाटेत आला तर काय होते, हे पाहायला लांब जायला नको. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला काळ्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर रुंद विवर आहे. लवणासुराची गोष्ट तिथे अजून सांगतात. पण आघाताच्या दाबाने काच झालेले खडकातले स्फटिक तिथे सापडले आहेत, आणि ज्वालामुखीने तसे होत नाही. ज्याने एवढे केले, तो ताटाच्या मापात डोळ्यांना दिसणारही नाही.

शेवटी पाहायचे कसे, ते सांगतो. अभ्यासिकेत एक द्विनेत्री दुर्बीण आहे. गुरू आकाशात असेल तेव्हा नाव नोंदवून ती घेऊन जावी, गच्चीच्या कठड्यावर कोपरे घट्ट टेकवावीत, म्हणजे हात हलणार नाही. गुरूच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके दिसतील. कधी चार, कधी तीन, कारण एखादा मागे लपलेला असतो. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने पाहिले ते हेच. गॅनिमीड त्यांतला बहुधा सर्वांत ठळक. रोज रात्री वहीत त्यांच्या जागा मांडा. गॅनिमीड सुमारे सात दिवसांनी फेरी पुरी करून पुन्हा त्याच जागी आलेला दिसेल. अमावस्येच्या आसपासची रात्र बरी, चांदण्याचा त्रास नसतो. अमावस्येला पोरांना गच्चीवर पाठवायला घरच्यांनी नाही म्हणू नये. चंद्र त्या वेळी सूर्याच्या बाजूला असतो, एवढेच.

आता मोसंबी सोलायला हरकत नाही.