नवी संगणकप्रणाली : तयारी कोणाची?
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत मी नोकरी करतो. तेथील कंपन्यांत संगणकाची प्रणाली बदलायची असली, की ते काम पाहणारा स्वतंत्र विभाग असतो. घराला आणि शाळेला असा विभाग नसतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, तेव्हा खरा पेच पडला तो त्यांनाच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. ती नसलेली, परंतु उत्तम चालणारी यंत्रे भंगारात काढायची काय?

दुसरा मार्ग मुक्त प्रणालीचा आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. त्याच पायावर आपल्या सी-डॅक संस्थेने 'बॉस' ही प्रणाली उभारली. ती मराठीत वापरता येते आणि तिला मोल पडत नाही. तरीही ती घरोघरी पोहोचली नाही. सामान्य माणूस अजून तयार नाही, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. मला तो मान्य नाही. केरळने आपल्या शाळांत मुक्त प्रणाली आणली, तेव्हा शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि पाठ्यपुस्तकेही तिला धरून लिहिली. तयारी आपोआप होत नसते. ती करून घ्यावी लागते.

आपली एक अडचण मात्र खास मराठी आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत मजकूर टंकित केला. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठवलेले संकेत निराळे असत. नव्या यंत्रावर तो फॉन्ट नसला, तर 'शाळा' हा शब्दही निरर्थक चिन्हांची रांग होतो. शाळेची जुनी इतिवृत्ते, स्नेहसंमेलनांचे अहवाल, घरातील आजोबांच्या आठवणी अशा धारिकांत असतील, तर प्रणाली बदलण्यापूर्वी त्या युनिकोडमध्ये आणून दोन ठिकाणी जतन कराव्यात. यंत्र पुन्हा घेता येते, मजकूर नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. संगणक कक्षातील दोन जुन्या यंत्रांवर मुक्त प्रणाली बसवावी. छपाईयंत्र, मराठी कळफलक आणि नेहमीचे अर्ज वर्षभर तिच्यावर तपासावेत. अडेल तेथे मदतीला आम्ही माजी विद्यार्थी आहोतच. मुले शिकली, की घरच्यांना तीच शिकवतील.