बेथलेहेमच्या शेतांतील परकी स्त्री

(ज्युबिलीच्या समारंभांतील भाषण)



ज्युबिली हा शब्द आपणांस लेवीय ग्रंथापासून लाभला आहे. त्या ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत परमेश्वरानें ५० व्या वर्षाचा हा सण नेमून दिला, आणि तेथेंच बजाविलें कीं, भूमीचा धनी तो स्वतः आहे व तिजवर राहणारे सर्व जण त्याचे आश्रित पाहुणे होत. म्हणून आज पूर्वजांचें स्मरण करितांना, ज्यांचे पूर्वज येथले नव्हते त्यांचाही विचार करणें योग्य आहे. त्याकरितां मी आपणांपुढें रूथची कथा ठेवितों.

बेथलेहेमांत दुष्काळ पडला, तेव्हां अलीमलेख हा पत्नी नामी व २ पुत्र यांसह मवाब देशीं गेला. तेथें त्यांस आसरा मिळाला, मवाबी सुनाही मिळाल्या. परंतु पुढें पिता व दोन्ही पुत्र मरण पावले, आणि नामी रिकाम्या हातीं स्वदेशीं निघाली. रूथनें तिची सोबत सोडली नाहीं. मात्र मवाबी मनुष्यानें इस्राएलाच्या मंडळींत येऊं नये, असें अनुवादाच्या ग्रंथांत लिहिलेलें होतें. विधवा, निर्धन, आणि त्यांतून मवाबी! तिनें कोणाच्या दारीं जावें?

ती कोणाच्या दारीं गेली नाहीं. ती सातूच्या शेतांत गेली. शेताच्या कडा कापूं नयेत, पडलेलीं कणसें मालकानें वेचूं नयेत, तीं गरीब व परदेशी यांकरितां ठेवावीं, अशी नियमशास्त्राची आज्ञा होती. कारण इस्राएल लोक स्वतः मिसर देशांत दास होते. तेव्हां रूथनें वेचलेला सरवा ही भीक नव्हती. तो तिचा हक्क होता, आणि तो तिनें आपल्या श्रमानें मिळविला.

शेताचा धनी बवाज नियमापाशींच थांबला नाहीं. तिला कोणीं त्रास देऊं नये, अशी त्यानें गड्यांस ताकीद दिली. त्यांच्या भांड्यांतील पाणी तिला पिऊं दिलें. जेवणाच्या वेळीं जवळ बसवून भाजलेलें धान्य दिलें. आणि पेंढ्यांतून कांहीं कणसें मुद्दाम गाळावयास सांगितलें. संत मात्थय याच्या शुभवर्तमानाप्रमाणें बवाजची आई यरीहोची राहाब होती. परकेपणाचें दुःख त्यास घरांतूनच ठाऊक असेल.

पुढें बवाज व रूथ यांचा विवाह झाला. त्यांचा पुत्र ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. आणि त्याच वंशांत आपला तारणारा बेथलेहेमांत जन्मला. त्यासही बालपणींच मिसर देशीं आश्रय घ्यावा लागला. पोप बारावे पायस यांनीं १९५२ सालीं त्या पवित्र कुटुंबास सर्व निर्वासितांचा आदर्श म्हटलें.

बंधुभगिनींनो, आपल्या कित्येक घरांतील मुलें पोटासाठीं परदेशीं गेलीं आहेत. तेथें कोणीं तरी त्यांस बांकावर सरकून जागा द्यावी, अशी आपण रोज प्रार्थना करितों. इकडे आपल्याच गांवांत भाड्याच्या खोलींत राहणारें, निराळी भाषा बोलणारें कुटुंब मिस्सेच्या वेळीं दाराशीं उभें असतें आणि कोणाशींही न बोलतां परत जातें. आपली प्रार्थना परमेश्वर ऐकतो, तशी त्यांच्या आईबापांचीही ऐकतो. त्यांस नांव विचारा. सणाच्या दिवशीं आपल्या पंगतीस बसवा. मिरवणुकींत व धर्मग्रामाच्या कार्यांत त्यांच्या हातांस काम द्या. पुढल्या ज्युबिलीस त्यांचीं नातवंडें या मंदिरास आपल्या पूर्वजांचें मंदिर म्हणोत, एवढेंच मागणें मी पवित्र मारियेच्या मध्यस्थीनें परमेश्वराजवळ करितों. आमेन.