मस्टर वाचल्याशिवाय अंगठा नाही
(तालुका शिबिरात केलेले भाषण)



सकाळपासून जमिनीच्या दाव्यांवर बोलणं चाललंय. पुरावा कोणता जोडायचा, समितीने जागेवर कधी जायचं, ते सगळं झालं. मी पैशावर बोलणार आहे. 26 जानेवारीची ग्रामसभा जवळ आली, म्हणून आत्ताच बोलून घेतो.

आपल्या पाड्यांवर नेहमी ऐकू येतं, "कर शहरातले लोक भरतात, आपण कुठं भरतो? सरकार देईल ते घ्यायचं." हे खरं नाही. बाजारात साबणाची वडी घेतली, बॅटरीचे सेल घेतले, घरावर टाकायला पत्रे घेतले, तर त्या किमतीत कर धरलेला असतो. एसटीचं तिकीट फाडलं, त्यातपण प्रवासी कर आहे. दुकानदार पावती देत नाही म्हणून तो आपल्याला दिसत नाही, एवढंच.

शहरातला पगारदारपण भरतो. आपल्या राज्यात 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला. त्याच्या खर्चासाठी पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असं ठरलं. म्हणजे मुंबईत गिरणीत पाळी करणाऱ्या माणसाचा रुपया आपल्या बांधावरच्या मजुरीला यायचा. तो मधे कुणी खाल्ला तर चोरी त्याचीपण झाली आणि आपलीपण.

मग केंद्राचा 2005 चा कायदा आला. त्यात अकुशल मजुरीचा पैसा दिल्लीहून यायचा, असं ठरलं. खर्चातले शंभरातले निदान साठ रुपये मजुरीवर गेले पाहिजेत. ठेकेदार घालायचा नाही. हे कागदावर फार चांगलं आहे. कामावर काय होतं ते बघा.

एका गावात आम्ही पोरांनी मस्टर मागून घेतलं आणि पाड्यावर बसून मोठ्याने वाचलं. पहिलं नाव वाचलं तशी एक बाई उठली. म्हणाली, "हा तर दिवाळीपासून वीटभट्टीवर आहे, होळीला येईल." पुढचं नाव वाचलं, तो माणूस मरून दोन पावसाळे झालेले. त्याच्यापुढेपण अंगठा! लोक आधी हसले, मग गप्प झाले. कारण जे खरंच खपले होते त्यांचे दिवस कमी मांडलेले होते. वाचायला काही मोठं शिक्षण लागलं नाही. कोण कुठं होतं हे गावाला साहेबापेक्षा जास्त माहीत असतं.

मस्टरबरोबर मोजमाप पुस्तकपण मागायचं. त्यात चर किती लांब, किती खोल, हे लिहिलेलं असतं. आपण दोरी घेऊन जायचं. समजा पुस्तकात वीस मीटर आहे आणि जागेवर चौदा भरला, तर सहा मीटरचे पैसे कुठं गेले ते विचारायचं. ग्रामसेवक म्हणेल, हे ऑफिसचे कागद आहेत. त्याला सांगायचं की कामांची तपासणी ग्रामसभेने करायची आहे, आणि मस्टर, बिलं, मोजमाप पुस्तक पंचायतीने सभेपुढे ठेवायचं आहे. तरी दिलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला त्याची फी पडत नाही, दाखल्याची झेरॉक्स जोडायची.

सगळ्यात मोठी गोष्ट पुढे आहे. आपला भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. 1996 च्या पेसा कायद्याप्रमाणे पंचायतीने पैसा बरोबर खर्च केला याचा दाखला ग्रामसभेने द्यायचा असतो. तो कागद आपल्याकडूनच घेतात, पण कसा? चहाच्या वेळी प्रोसिडिंगचं बुक फिरवतात, "हजेरीची सही करा" म्हणतात, आणि वरची जागा मागाहून भरतात. आपण भरवशाने अंगठा देतो आणि हिशेब बंद होतो. म्हणून कोऱ्या पानाखाली कुणीच अंगठा द्यायचा नाही. वर काय लिहिलंय ते आधी वाचून घ्यायचं.

काही जण म्हणतात, हिशेब मागितला तर साहेब काम बंद करेल, मग खायचं काय? ही भीती खोटी नाही, मी पाहिलंय तसं करताना. पण काम म्हणजे साहेबाची मेहरबानी नाही. कामाचा अर्ज द्या आणि तारखेची पोच घ्या. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारभत्ता द्यावा लागतो. पोच नसेल तर काहीच सिद्ध होत नाही, म्हणून पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. एकट्याने जाऊ नका, दहा जण जा, बायांना पुढे ठेवा.

आता प्रत्येक पाड्याने दोन नावं द्यायची. एक वाचणारा, आठवी-दहावीची पोरगी असली तरी चालेल, आणि एक जुना माणूस, ज्याला गावातलं घर अन् घर ठाऊक आहे. दोघांनी 26 तारखेच्या आधी कामाच्या जागा बघून यायच्या. नावं आज इथेच लिहून घेतो. जेवणाआधी द्या, नंतर लोक पांगतात.